डोंगराच्या दाराशी खिडकी असावी

परदेशातले डोंगर बघून आलेला माणूस लिहायला बसला की वाचकाला पुढचे सगळे आधीच पाठ असते. निळे पाणी, बर्फाची शिखरे, आरशासारखे रस्ते आणि शेवटी 'आपल्याकडे हे कधी होणार?' असा एक मोठा उसासा! मंडळी, तो उसासा मी टाकणार नाही. सत्तरी, सांगे, काणकोणचे डोंगर ज्याने श्रावणात बघितले आहेत, त्याला हिरवा रंग बघायला विमानाचे तिकीट काढायची गरज नाही. मला लिहायचे आहे ते एका साध्या तिकीटखिडकीविषयी.

हसू नका. मी सरकारी कारकून. अर्धे आयुष्य खिडकीच्या आतल्या बाजूला गेले. खिडकी हा शब्द आपल्याकडे किती बदनाम आहे ते मला पुरेपूर ठाऊक आहे. खिडकी म्हणजे रांग, खिडकी म्हणजे 'उद्या या', खिडकी म्हणजे जेवणाची सुट्टी. पण डोंगर, दऱ्या आणि तळी शाबूत ठेवायची असतील तर त्यांच्या दाराशी एक खिडकी लागते, असे माझे आता पक्के मत झाले आहे. ते कसे झाले ते सांगतो.

२०२४ च्या जूनमध्ये निवडणुकीची ड्यूटी आटोपली, अर्जित रजा मंजूर झाली, परदेशी जायच्या परवानगीचा कागद हातात पडला आणि मी व सौ. म्युनिकला पुतण्याकडे गेलो. मला वाटले होते, आता स्वित्झर्लंड. पुतण्या म्हणाला, "काका, तिथे आपलीच माणसं भेटतील. तुम्हाला स्लोव्हेनिया दाखवतो." त्याच्याच गाडीतून आल्प्स ओलांडून आम्ही दक्षिणेला उतरलो.

हा देश १९९१ साली युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. गोव्याच्या साडेपाच पट आकार आणि सुमारे एकवीस लाख माणसे. वायव्येच्या कोपऱ्यात ज्यूलियन आल्प्सचे डोंगर, आणि त्यांत सर्वांत उंच २८६४ मीटरचा त्रिग्लाव. 'ग्लावा' म्हणजे डोके, आणि 'त्रि' काय ते तुम्हाला सांगायला नको. तीन डोक्यांचा हा डोंगर त्यांच्या राष्ट्रध्वजावरही आहे.

पहिल्या दिवशी व्हिंटगारची घळ बघितली. ब्लेड या प्रसिद्ध तळ्यापासून चारेक किलोमीटरवर राडोव्हना नावाच्या नदीने चुनखडीचा डोंगर कापत कापत ही घळ केली आहे. लांबी १.६ किलोमीटर, दोन्ही बाजूंना पन्नास ते शंभर मीटरचे कडे, आणि मधून हिरवट काचेसारखे पाणी कुठे धावते, कुठे डोहात गप्प बसते. आत जायला कड्याच्या अंगाला लाकडी फळ्यांची वाट बांधली आहे. मधूनमधून साकव. वाट घळीच्या या बाजूची त्या बाजूला जाते, पुन्हा परत येते. पावलांखाली फळ्या आणि फळ्यांखाली पाणी.

या घळीतून पूर्वी कुणी जात नसे. १८९१ साली नदीचे पाणी फार आटले होते, तेव्हा शेजारच्या गोर्ये गावचा मुखिया याकोब झुमेर आणि बेनेडिक्ट लेर्गेटपोरेर नावाचा एक छायाचित्रकार हे दोघे कसेबसे आत शिरले. बघितले ते त्यांना एवढे भावले की लोकांना ते दाखवायचेच असे त्यांनी ठरवले. गावकरी कामाला लागले आणि २६ ऑगस्ट १८९३ या दिवशी फळ्यांची वाट लोकांसाठी खुली झाली. पुढे १९०६ साली बोहिनची रेल्वे सुरू झाली. तिचा दगडी कमानीचा पूल घळीच्या खालच्या टोकाला आपल्या डोक्यावरून जातो.

आता खिडकी. घळीच्या तोंडाशी ती आहे, आणि ती चालवते गोर्ये गावची स्थानिक पर्यटन संस्था. तिकिटावर वेळ असते. त्या वेळेलाच आत जायचे. आमच्या पुढचे एक कुटुंब आपल्या वेळेच्या आधी पोचले होते, तर त्यांना गोड हसून बाकावर बसवून ठेवले. आत शिरताना डोक्यावर हेल्मेट, कारण कड्यावरून दगड सुटू शकतो. आणि जायचे ते एकाच दिशेने. घळीत उलटे फिरायचे नाही, परतीची वाट बाहेरून, डोंगरावरून. सौ.ला एका डोहाशी परत जाऊन फोटो काढायचा होता. तिथल्या मुलीने मान हलवली : नाही. सौ. थोडी हिरमुसली. मी मात्र मनातून खूश झालो!

का खूश झालो? मी गोव्याचा आहे. जन्मभर मी यजमानाच्या बाजूला राहिलो. पाहुणा येतो, त्याला वाट्टेल तिथे जातो, वाट्टेल तिथे बाटली फोडतो आणि आपण 'अतिथी' म्हणून गप्प बसतो. दुसऱ्याच्या गावात मी प्रथमच पर्यटक झालो होतो, आणि त्या गावाने मला 'नाही' म्हटले. त्या नकारात अपमान नव्हता. या घराला मालक आहे आणि मालकाला घराची काळजी आहे, एवढेच त्यातून कळले. ज्या घरात पाहुण्याला चपला काढायला सांगतात, त्या घरी देवघर असते.

'निसर्ग सर्वांचा, त्याला तिकीट कसले?' असे म्हणणारे माझे मित्र आहेत. वाक्य ऐकायला छान आहे, पण ते अर्धेच आहे. निसर्ग सर्वांचा असेल, वाट सर्वांची नसते. वाट कुणीतरी बांधलेली असते आणि दर वर्षी कुणीतरी ती दुरुस्त करत असते. त्या घळीतली फळी पाण्याच्या तुषाराने कुजते, हिवाळ्यातल्या बर्फाने आणि दगडांनी मोडते. थंडीत घळ बंद ठेवतात आणि वसंतात कठडे, साकव तपासून मगच उघडतात. आपण 'दरी बघितली' म्हणतो. खरे म्हणजे एकशेतीस वर्षे राखलेल्या वाटेवरून आपण दरी बघितलेली असते.

हीच गोष्ट ब्लेडच्या तळ्याची. मधे बेट, बेटावर देऊळ (म्हणजे चर्च), काठावरच्या कड्यावर किल्ला. कॅलेंडरवरचे चित्रच. बघणाऱ्याला वाटते, देवाने हे असेच दिले. पण गेल्या शतकाच्या मध्याला हॉटेलांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने हे तळे नासू लागले होते, शेवाळ माजले होते. तेव्हा १९६४ साली त्याच राडोव्हना नदीचे ताजे थंड पाणी नळाने तळ्यात आणून सोडले. तेवढ्याने भागले नाही, म्हणून १९८० नंतर तळाचे कुजके पाणी ओढून बाहेर काढणारी नळयोजना केली. गोव्याच्या वाचकाला हे चटकन कळेल. आपल्या खाजनातली मानस काय करते? कोणते पाणी आत घ्यायचे आणि कोणते बाहेर सोडायचे, हेच ना? ब्लेडच्या चित्राखाली अशी एक मानस आहे. फोटोत ती दिसत नाही, एवढेच.

ब्लेडच्या पुढे बोहिनचे तळे. हे चार किलोमीटरहून लांब, डोंगरांच्या ओंजळीत बसलेले, आणि सगळे त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. पाण्यावर पेट्रोल-डिझेलच्या बोटींचा आवाज नाही. फेरी मारणारी बोट विजेवर चालते. मांडवीच्या काठावर संध्याकाळी उभ्या राहिलेल्या माणसाला त्या शांततेची किंमत विचारा! या उद्यानाची सुरुवात १९२४ साली त्रिग्लावच्या सात तळ्यांच्या खोऱ्याला संरक्षण देऊन झाली. आजचे क्षेत्र सुमारे ८४० चौरस किलोमीटर. उद्यानात गावे आहेत, गुरे आहेत, चीज करणारे गवळी आहेत. स्लोव्हेन भाषेत 'प्लानिना' या एकाच शब्दाचा अर्थ डोंगर असा होतो, आणि डोंगरावरचे कुरण असाही. डोंगर म्हटला की त्यावर कुणाचे तरी गुरू चरत असणार हे त्या भाषेतच गृहीत आहे. रिकामा डोंगर ही आपल्यासारख्या पर्यटकांची कल्पना.

याच संदर्भात आल्याझ यांची गोष्ट मला फार आवडली. याकोब आल्याझ हे दोव्ये गावचे पाद्री. तेव्हा ऑस्ट्रियाचे राज्य होते आणि डोंगरावरच्या धर्मशाळा, वाटा, पाट्या यांवर जर्मन भाषिक गिर्यारोहण संस्थांचा वरचष्मा होता. १८९३ साली स्लोव्हेन लोकांनी आपली गिर्यारोहण संस्था काढली. आणि आल्याझ यांनी काय केले, तर त्रिग्लावच्या माथ्यावरची वीतभर जागा नाममात्र किमतीला रीतसर विकत घेतली आणि १८९५ साली तिथे पत्र्याचा छोटासा मनोरा उभा केला. वादळात चार-पाच माणसे आत उभी राहून जीव वाचवतील एवढाच. तो आजही आहे. डोंगराची मालकी घेतली ती बंगला बांधायला नव्हे, तर हा डोंगर आमच्या राखणीत आहे हे सांगायला. कारकून म्हणून मला त्यातला 'रीतसर' हा शब्द विशेष आवडतो. भावनेला त्यांनी कागदाची जोड दिली!

तिसऱ्या दिवशी आम्ही व्हर्शिचचा घाट चढलो. उंची १६११ मीटर. क्रान्स्का गोरा गावापासून वर आणि मग ट्रेंटा खोऱ्यात खाली अशी मिळून पन्नास वळणे, आणि प्रत्येक वळणाला क्रमांक आणि पाटी. आमच्या चोर्ल्याच्या आणि अनमोडच्या घाटात गाडी लागणाऱ्या सौ.ने पंधराव्या वळणाला डोळे मिटले ते थेट माथ्यावर उघडले. पण या घाटातली लक्षात राहणारी जागा माथा नाही, आठवे वळण आहे. तिथे झाडीत एक लाकडी चॅपेल आहे, कांद्याच्या आकाराच्या दोन घुमटांचे, रशियन पद्धतीचे.

हा रस्ता पहिल्या महायुद्धात झाला. पलीकडे सोचा नदीच्या काठाने इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांची आघाडी होती आणि तिथे तोफा, दारूगोळा पोचवायचा होता. काम कुणी केले? सुमारे दहा हजार रशियन युद्धकैद्यांनी. मार्च १९१६ मध्ये बर्फाचा कडा कोसळला आणि शंभराहून अधिक माणसे, कैदी आणि काही पहारेकरी, त्याखाली गाडली गेली. वाचलेल्या कैद्यांनी मेलेल्यांसाठी हे चॅपेल बांधले. आज दर वर्षी जुलैत तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो, आणि त्या बाजूच्या रस्त्याला २००६ पासून नावच 'रशियन रस्ता' असे आहे.

तिथे उभा असताना मला आमची रेल्वे आठवली. मुरगावहून कॅसलरॉकला जाणारा मार्ग १८८८ साली पुरा झाला. दूधसागरच्या पुलावरून गाडी जाताना आपण सगळे एका बाजूच्या खिडकीला लोटतो. जंगलात, पावसात, तापाने फणफणत बोगदे खणणारे मजूर कोण होते? आमच्या शाळेच्या पुस्तकात ते मला कधी भेटले नाहीत. घाट बांधणाऱ्याची आठवण ठेवली तर घाटाला अब राहते. नाही ठेवली तर तो घाट नुसता 'स्पॉट' होतो, आणि स्पॉटवर काय काय पडलेले असते ते आपण सोमवारी सकाळी बघतो.

घाट उतरल्यावर सोचा नदी लागते. तिचा निळा-हिरवा रंग शब्दांत सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. खडकात कोरलेल्या अरुंद घळींतून ती उड्या मारत जाते. याच काठावर १९१५ ते १९१७ या काळात बारा लढाया झाल्या. कोबारिद गावात त्यांचे संग्रहालय आहे, अवश्य बघावे. १९७६ साली सोचाला कायद्याने संरक्षण मिळाले. आज कयाक घेऊन येणाऱ्याला नेमून दिलेल्या जागीच पाण्यात उतरता येते, नेमून दिलेल्या जागीच बाहेर पडता येते, आणि त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. पुन्हा खिडकी!

आता कुणी म्हणेल, कारकुनाला सगळीकडे खिडकीच दिसणार. आणि ती माणसे काय देवदूत आहेत? मुळीच नाहीत. ब्लेडचे तळे नासवले ते तिथल्याच हॉटेलांनी. उन्हाळ्यातल्या रविवारी व्हर्शिचच्या माथ्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि मोटारसायकलींचा आवाज कान किटवतो. तिकिटाचे दरही आपल्या खिशाला चिमटा काढणारे. घळीत शिरायला पैसे, गाडी लावायला पैसे. तीन माणसांचा हिशेब रुपयांत करून बघायचे मी दुसऱ्या दिवसापासून सोडून दिले. आणि खिडकी ठेकेदाराच्या हाती गेली तर काय होते, हे आपल्याला शिकवायला परदेशी जायला नको. गावचाच माणूस गावच्या व्हाळावर जायला तिकीट काढतो आहे आणि पैसे भलतीकडे चालले आहेत, असे झाले तर ती खिडकी पहिल्यांदा मीच फोडीन.

तरीही माझा मुद्दा कायम आहे. आपल्याकडे निसर्गाच्या जागांना दोनच अवस्था माहीत आहेत : सताड उघडे किंवा टाळेबंद. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. त्याआधी वाट मोकळी होती आणि त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायलाच बंदी आली. उघड्या दारातून माणसे बुडतात. बंद दाराला लोक मागच्या वाटेने फाटा देतात. शिवाय बंदी आली की ज्या गावच्या पोरांना त्या व्हाळाचा प्रत्येक खडक माहीत आहे, त्यांचेही काम जाते. मधली अवस्था, म्हणजे मोजून, सांगून, गावच्या माणसाच्या नजरेखाली आत सोडण्याची अवस्था, आपण नीट वापरून बघितलेलीच नाही. अगदीच नाही असे म्हणणार नाही. कुळ्याहून दूधसागरला जीपने जाताना लाइफ जॅकेट देतात आणि जीपवाले स्थानिकच असतात. त्यात दोष असतील, पण बीज आहे.

खरे तर हे बीज आपल्या मातीत फार जुने आहे. गोव्याची गांवकारी म्हणजे दुसरे काय होते? बांध कुणी बघायचा, मानशीची फळी केव्हा उचलायची, तळ्यातले पाणी कुणाला किती वेळ, याचे नियम गाव करत होते आणि मोडणाऱ्याला दंड करत होते. गोर्ये गावाने १८९३ साली जे केले ते आमच्या पूर्वजांना अजिबात नवीन वाटले नसते. आपण ते विसरलो. बांधांना खिंडारे पडली, तेव्हा नुसते पाणीच आत शिरले असे नाही; 'हे कुणीतरी बघेल' ही वृत्तीही आत शिरली.

म्हणून दर काही वर्षांनी 'आपण इथे स्वित्झर्लंड करू' अशी घोषणा ऐकली की मला धास्ती वाटते. म्हणजे नेमके काय करणार? रस्ता रुंद करणार, रोपवे टांगणार, व्ह्यू पॉइंटला काँक्रीटचा चौथरा घालणार. आल्प्समध्ये हे सगळे आहे, नाही असे नाही. पण ते उचलायला सोपे म्हणून तेवढेच आपण उचलतो. हिवाळ्यात घळ बंद ठेवणे, वाटेची फळी बदलणे, तळ्याचे तळातले पाणी उपसणे, वेळेआधी आलेल्याला बाकावर बसवणे, हे उचलत नाही. त्याचे उद्घाटन करता येत नाही ना!

माझी मागणी फार छोटी आहे. सगळ्या गोव्याची योजना नको. एक व्हाळ घ्या, एक गाव घ्या, एक पावसाळा घ्या. दिवसाला किती माणसे सोसवतील ते त्या गावाने ठरवावे. वाटेच्या तोंडाशी गावचाच मुलगा किंवा मुलगी वही घेऊन बसावी : नाव, वेळ, किती जण आत, किती बाहेर. घाटमाथ्यावर ढग दाटले तर 'आज नाही' म्हणायचा अधिकार तिला असावा आणि तिच्या 'नाही'ला मोठ्या माणसाच्या एका फोनने छेद जाऊ नये. गावच्या माणसाला तिकीट नको. बाहेरच्याने दिलेल्या पैशातून पहिल्यांदा वाट आणि साकव दुरुस्त व्हावेत, उरले तर बाकीचे. आणि वाटेवर एक पाटी असावी, ही वाट कुणाच्या पायांनी पडली ते सांगणारी.

वही लिहायला कुणी मिळाले नाही तर मला सांगा. निवृत्तीला अजून अवकाश आहे, पण रविवार माझे मोकळे असतात, आणि वही लिहिण्याची सवय तर आहेच.